पंखा फिरतोय, तरी काटा चढतोय: उन्हाळी ट्रॅफिकमध्ये तापणाऱ्या इंजिनाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी नऊ वर्षं जुनी. १.२ लीटरचं, चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, आडवं बसवलेलं, हेड (सिलिंडरांवरचं झाकण) अ‍ॅल्युमिनियमचं. मीटरवर १,०४,००० किमी. जाळीच्या मागे आधी एसीचा कंडेन्सर (एसीचा गरम गॅस थंड करणारा भाग), त्याच्या मागे रेडिएटर (इंजिनातलं गरम पाणी थंड करणारा भाग) आणि रेडिएटरच्या पाठीला एकच विजेचा पंखा, दोन वेगांचा. कूलंट (इंजिन थंड ठेवायला फिरणारं मिश्रण) ९६ अंशांवर गेलं की पंखा हळू वेगाने सुरू होतो आणि १०३ ला पूर्ण वेग घेतो. एसी लावला की हळू वेग कायम चालू राहतो. एसीच्या गॅसचा दाब फार वाढला की तेव्हाही पूर्ण वेग लागतो. हे आकडे या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधले आहेत, दुसऱ्या गाडीत दोनचार अंश इकडेतिकडे असतील.

बाहेर ४० अंश, एसी चालू आणि गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असली की पंधरा-वीस मिनिटांत तापमानाचा काटा मधली रेघ सोडून वर चढायचा. एसी बंद केला की थोडा थांबायचा. रस्ता मोकळा मिळून गाडी ६०-७० च्या वेगाला लागली की तीनचार मिनिटांत परत जागेवर. सकाळी आणि रात्री काहीच त्रास नाही. मालकाने आणखी एक गोष्ट सांगितली होती, पण ती बोलण्याच्या ओघात, तक्रार म्हणून नव्हे: सिग्नलला उभं राहिलं की एसीची हवा कोमट होते, आणि हे काटा हलायच्या बरंच आधी सुरू होतं.

आधीच्या उन्हाळ्यात यातलं काहीच नव्हतं.

आधी काय काय करून झालं होतं

गाडी चौथ्या ठिकाणी आली होती. पहिल्या गॅरेजने जुनं कूलंट काढून रेडिएटर फ्लश केला आणि नवीन कूलंट भरलं. फरक शून्य. दुसऱ्याने थर्मोस्टॅट वॉल्व्ह (कूलंट गरम झाल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढूनच टाकला. "आता पाणी सरळ फिरेल, गाडी गरम होणारच नाही," हा त्यामागचा हिशोब. आठवडाभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच. तिसऱ्याने रेडिएटरचं टोपण उघडून इंजिन चालू ठेवलं, पाण्यात बुडबुडे दिसले आणि निदान झालं: हेड गॅस्केट (हेडच्या खालचं सील) गेलंय, हेड उतरवावं लागेल.

या तिघांपैकी दोघांनी पंखा पाहिला होता. दोघांनीही "पंखा चालू आहे" असंच सांगितलं. एकाने तर मोटरचं कनेक्टर सोडून मीटर लावला, १४ व्होल्ट आले. अर्थची (बॉडीतून वीज बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत नेणारी) वायर बॉडीशी जोडलेली आहे का ते मीटरच्या आवाजावर तपासलं, मीटर वाजला. त्यामुळे पंख्याची फाइल तिथेच बंद झाली.

थर्मोस्टॅट काढण्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण हा उपाय सर्रास केला जातो. थर्मोस्टॅट ८२ किंवा ८८ अंशांना उघडायला लागतो आणि साधारण ९५ च्या आसपास पूर्ण उघडतो. काटा चढतो तेव्हा कूलंट ११० च्या घरात असतं, म्हणजे थर्मोस्टॅट ठीक असेल तर तो केव्हाच सताड उघडलेला असतो. उघडं दार बिजागरीसकट काढून टाकल्याने वारा जास्त येत नाही. तो अडकलेला असेल तर गोष्ट वेगळी, पण मग नवा बसवायचा, जागा रिकामी ठेवायची नाही. शिवाय बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला खाली दुसरी चकती असते. गरम झाल्यावर ती बायपासची वाट बंद करते, म्हणजे सगळं पाणी रेडिएटरमधूनच जातं. थर्मोस्टॅट काढला की ती वाट कायमची उघडी राहते आणि गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला शिवतच नाही. या इंजिनात तशीच रचना होती. म्हणजे ट्रॅफिकमध्ये या उपायाने तोटाच झाला. मोकळ्या रस्त्यावर उलट इंजिन ६८-७० अंशांवरच राहू लागलं, इसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) वाटलं इंजिन अजून थंडच आहे, पेट्रोल जास्त सुटू लागलं आणि अ‍ॅव्हरेज घसरलं. मालकाच्या वहीत ती घसरण तारखेसकट दिसत होती.

समोरचे पर्याय

पहिला, हेड उतरवणं. दोन दिवसांचं काम. नवं गॅस्केट, हेडचे नवे बोल्ट, हेडच्या पृष्ठभागाची तपासणी आणि लागलं तर मशीनिंग. निदान चुकलं तर हे सगळं वाया, आणि चांगलं बसलेलं हेड उगाच उघडल्याचा धोका वेगळा.

दुसरा, एकेक भाग बदलत जाणं: वॉटर पंप, मग रेडिएटर, मग सेन्सर. कधी ना कधी नेम लागतोच. पण इथे दोष एकापेक्षा जास्त निघाले, आणि एकेक भाग बदलणाऱ्याला अशा गाडीत प्रत्येक बदलानंतर "थोडा फरक पडला" एवढंच कळलं असतं.

तिसरा मालकाच्या ओळखीतल्या कुणीतरी सुचवलेला: पंख्याला वेगळी वायर टाकून डॅशबोर्डवर बटण द्यायचं, ट्रॅफिक लागला की पंखा आपणच चालू करायचा. हा पर्याय बाजूला पडला ते एका साध्या प्रश्नाने. काटा चढतो तेव्हा पंखा आधीच चालू असतो का? मालक म्हणाला, "हो, जोरात आवाज येत असतो." मग बटणाने नवं काय होणार?

चौथा, आधी मोजमाप करून मग हात घालणं. हा निवडला. त्यामागचं कारण तक्रारीतच होतं. उभ्या गाडीत गरम आणि धावत्या गाडीत थंड, हे लक्षण हवेच्या कमतरतेकडे बोट दाखवतं. गाडी धावत असताना समोरून वारा आपोआप मिळतो. उभी असताना सगळी भिस्त पंख्यावर. हेड गॅस्केट, तुंबलेला रेडिएटर किंवा दमलेला वॉटर पंप असता तर चढावर किंवा हायवेला, इंजिनावर जोर असताना त्रास आधी दिसला असता. त्यात एसीचं कोमट होणं: कंडेन्सर आणि रेडिएटर एकाच हवेवर जगतात. दोघं एकाच वेळी कुरकुरत असतील तर दोघांच्या सामाईक गोष्टीकडे आधी बघायचं.

तरीही लक्षणावरून थेट पंख्यावर उडी मारली नाही. हेड गॅस्केटचा आरोप खोटा ठरवल्याशिवाय पुढे गेलं तर मालकाच्या मनातली शंका तशीच राहते, आणि तपासणाऱ्याच्याही.

थंड इंजिनावर तपासणी

टोपण रात्रभर थंड झालेल्या इंजिनाचंच उघडलं. गरम असताना आत १ बारच्या आसपास दाब असतो आणि १०० अंशांच्या वरचं कूलंट केवळ त्या दाबामुळे उकळत नाही. टोपण सुटलं की ते एका क्षणात उकळून अंगावर येतं.

रेडिएटर भरलेला होता, रिझर्व्ह टाकी मात्र खालच्या खुणेखाली. रिफ्रॅक्टोमीटरवर (पाण्यात कूलंट किती मिसळलंय ते दाखवणाऱ्या यंत्रावर) कूलंटचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास निघालं, म्हणजे पहिल्या गॅरेजने भरलेलं मिश्रण नंतर साध्या पाण्याने पातळ झालं होतं. चौकशी केल्यावर उलगडा झाला. मालक टाकी तोंडापर्यंत भरायचा. गरम झाल्यावर फुगलेलं कूलंट वरच्या नळीतून बाहेर पडायचं, दुसऱ्या दिवशी पातळी कमी दिसायची, की पुन्हा पाणी. या "गळतीचा" हेड गॅस्केटच्या निदानात मोठा वाटा होता.

सिस्टिमला हातपंपाने १ बार दाब देऊन पंधरा मिनिटं ठेवला. काटा हलला नाही. टोपणावर १.१ कोरलेलं होतं. ते वेगळं तपासल्यावर जवळपास तेवढ्याच दाबाला उघडलं. बाहेर गळती नाही, टोपण ठीक.

मग गॅसची चाचणी. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या रसायनाची नळी बसवायची, इंजिन गरम करायचं आणि कूलंटवरची हवा त्या रसायनातून ओढायची. सिलिंडरमधला जळका वायू कूलंटमध्ये येत असेल तर निळा रंग पिवळा होतो. तीन मिनिटांनी रंग निळाच होता. काही गॅस्केट फक्त जोर पडल्यावरच गळतात, म्हणून गाडी वीस मिनिटं चढावावर नेऊन चाचणी पुन्हा केली. अशा वेळी टोपण ओल्या जाड फडक्याखाली पहिल्या खटक्यापर्यंतच फिरवून, दाब पूर्ण उतरल्यावरच काढायचं, आणि तेही तापमान ९० च्या खाली येऊ दिल्यावर. रंग निळाच.

मग बुडबुडे कुठले? नवीन कूलंट भरल्यावर हवा नीट काढली नव्हती. अडकलेली हवा पुढच्या काही फेऱ्यांत थोडी थोडी वर येत राहते. बुडबुडा दिसला म्हणजे जळका वायू असं नाही. त्यात काय आहे ते विचारायला ही निळी नळी असते.

गरम इंजिनावर तपासणी

स्कॅनर (इसीयूतले आकडे वाचणारं यंत्र) जोडून गाडी दुपारी उन्हात उभी केली. बाहेर ४० अंश, एसी पूर्ण, इंजिन आयडलिंगला. पहिली गंमत काट्याची. स्कॅनरवर ७५ पासून १०७ अंशांपर्यंत काटा मधल्या रेघेवर खिळल्यासारखा होता. ११० झाले तेव्हा पहिल्यांदा हलला. बहुतेक आधुनिक गाड्यांत काटा मुद्दाम असा बसवलेला असतो, नाहीतर प्रत्येक चढउतार पाहून माणूस घाबरेल. पण याचा अर्थ असा की काटा हलला तेव्हा गोष्ट बरीच पुढे गेलेली असते, आणि काटा मध्यावर आहे म्हणून सगळं ठीक असंही नाही.

नवव्या मिनिटाला १०३ झाले, पंख्याने पूर्ण वेग घेतला. तरी तापमान चढतच राहिलं. अठराव्या मिनिटाला ११०, आणि ११२ वर येऊन रेंगाळलं. तिथे चाचणी थांबवली. एसीच्या गॅसचा दाब स्कॅनरवर २४ बार दाखवत होता, झरोक्यातली हवा १७ अंशांची. म्हणजे सेन्सर बरोबर वाचतोय, इसीयू वेळेवर हुकूम देतोय, रिले (पंख्याला वीज देणारा स्विच) ओढतोय, पंखा फिरतोय. आणि उष्णता जात नाहीये.

वॉटर पंपाचा निकाल दोन होज पाइपांनी लावला. रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या रबरी पाइपावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला. चकचकीत धातूवर हे यंत्र खोटं वाचतं, म्हणून रबरावर किंवा काळी टेप चिकटवून मोजायचं. वर १०८, खाली १०३. पाण्याचा प्रवाह मंद असता तर पाणी रेडिएटरमध्ये रेंगाळलं असतं आणि खालचा पाइप वीस-पंचवीस अंशांनी थंड लागला असता. पाच अंशांचा फरक म्हणजे पाणी भराभर फिरतंय. पंप सुटला. रेडिएटर आतून तुंबलाय का, हे त्याच थर्मामीटरने जाळीवर आडव्या-उभ्या रेषांत फिरवून पाहता येतं. कुठे एकदम थंड पट्टा लागला तर त्या नळ्या बंद. ते त्या दिवशी केलं नाही, त्याबद्दल पुढे.

आता पंखा. इथे खरा प्रश्न "चालतो का" हा नव्हता, "किती चालतो" हा होता. कनेक्टर न सोडता, मागून बारीक पिना घालून, पंखा पूर्ण वेगात असताना मोजलं. बॅटरीवर १४.१ व्होल्ट. मोटरच्या दोन पिनांमध्ये १०.९. क्लॅम्प मीटरवर ७.२ अँपिअर. या मोटरला पूर्ण वेगात ११ च्या वर लागतात.

मधले ३.२ व्होल्ट कुठे गेले? मीटरची एक टोकणी बॅटरीच्या धन टोकावर, दुसरी मोटरच्या धन पिनेवर: ०.४ व्होल्ट. फ्यूज, रिले आणि एवढी वायर पाहता चालण्यासारखं. मग एक टोकणी मोटरच्या अर्थ पिनेवर, दुसरी बॅटरीच्या ऋण टोकावर: २.८ व्होल्ट. अर्थकडे अर्धा व्होल्टसुद्धा जास्त झाला असता.

अर्थची वायर पुढच्या आडव्या पट्टीवर हेडलाइटच्या मागे एका बोल्टखाली होती. पंखा दहा मिनिटं चालल्यावर त्या बोल्टला बोट टेकवत नव्हतं. टेकवणार तरी कसं, २.८ व्होल्ट आणि ७.२ अँपिअर म्हणजे २० वॉट त्या सांध्यातच जळत होते. बोल्ट काढला तर लगच्या (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) खाली गुळगुळीत, चकचकीत रंग. लगची एक कड बोल्टच्या आट्यांपाशी जेमतेम लोखंडाला टेकलेली, आणि तिथे तांबूस गंज.

तेव्हा विचारलेला प्रश्न खरं तर पहिल्या दिवशी विचारायला हवा होता: गेल्या उन्हाळ्यानंतर या गाडीला काय झालं? मालक म्हणाला, काही नाही. मग आठवून म्हणाला, दहा महिन्यांपूर्वी पुढून किरकोळ धडक बसली होती, बंपर काढून पट्टी सरळ केली, रंग मारला. त्याच्या लेखी ती बॉडीची दुरुस्ती होती, इंजिनाशी तिचा काय संबंध?

आधीच्या गॅरेजचा मीटर का वाजला हेही इथे कळतं. २.८ ला ७.२ ने भागलं की ०.३९ ओहम येतात. एवढ्याशा रोधाला मीटर खुशाल वाजतो. स्वस्त मीटरच्या टोकण्यांचा स्वतःचा रोधही जवळपास तेवढाच असतो. आणि कनेक्टर सोडून व्होल्ट मोजले तर प्रवाहच वाहत नाही, मग व्होल्ट पडणार कुठून? १४ पूर्ण दिसतात. भार असतानाच मोजायचं, नाहीतर मोजलं नाही असंच धरायचं. डॅशबोर्डवरच्या बटणाची युक्ती केली असती तर तीही याच बोल्टवर येऊन अडकली असती.

पहिली दुरुस्ती आणि निर्णयाचा क्षण

लगच्या बुडाखालचा रंग धातू चमकेपर्यंत घासला. नवा गोल लग, दात असलेला वॉशर, बोल्ट घट्ट, आणि वरून गंज लागू नये म्हणून ग्रीसचा हात. ग्रीस सांधा आवळल्यावर लावायचं, आधी नाही. अर्थकडची घट २.८ वरून ०.१ व्होल्ट. मोटरला १३.६ व्होल्ट, प्रवाह ११.३ अँपिअर. मोटर आता दीडशे वॉटच्या पुढे घेत होती, आधी ७८ घ्यायची. पंख्याचा वेग मात्र या हिशोबाने चौथ्या हिश्श्यानेच वाढला, कारण पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या तिसऱ्या घाताने वाढते. कानाला फरक एवढाच होता की आवाजाची पट्टी जरा वर गेली. आधी मालकाला "जोरात आवाज" ऐकू येत होता तो यामुळेच. मंद पडलेला पंखाही भरपूर गोंगाट करतो.

तीच चाचणी, तीच जागा, तीच दुपारची वेळ. तिसाव्या मिनिटाला तापमान १०७ वर थांबलं. काटा हलला नाही.

इथे गाडी देऊन टाकायचा मोह होणं साहजिक आहे. तक्रार काट्याची होती, काटा आता हलत नाही, आणि दोष सापडलाय, तोही सिद्ध झालेला. पण स्कॅनरवर दोन गोष्टी खटकत होत्या. पंखा पूर्ण वेगात गेला तो चाचणी संपेपर्यंत एकदाही खाली आला नाही. निरोगी गाडीत तो काही वेळ पूर्ण चालतो, तापमान ओढून खाली आणतो आणि हळू वेगावर येतो. दुसरं, गॅसचा दाब २१ बारवर होता आणि एसी अजून मरगळलेलाच. म्हणजे सिस्टिमकडे राखीव काही नव्हतं. ४३ अंशांच्या दुपारी, चार माणसं बसवून, काटा पुन्हा हललाच असता. गाडी ठेवून घेतली.

कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधली फट

कागदाची चाचणी सगळ्यात स्वस्त. पंखा पूर्ण वेगात असताना साधा कागद कंडेन्सरच्या पुढे धरायचा. हवा ओढली जात असेल तर तो चिकटून बसतो. (कागद उलट बाहेर फेकला गेला तर पंखा उलटा फिरतोय, मोटर बदलताना दोन वायरी अदलाबदल झाल्या की असं होतं आणि महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही.) इथे खालच्या भागात कागद घट्ट बसला, वरच्या दोन तृतीयांश भागात जागचा घसरून खाली पडत राहिला.

कंडेन्सर समोरून स्वच्छ होता. दर महिन्याला धुतला जायचा. टॉर्च रात्री रेडिएटरच्या मागे धरला तर पुढून उजेड फक्त खालून दिसला. बंपर उतरवला, रेडिएटरच्या वरच्या दोन पकडी सोडल्या आणि तो हलकेच मागे कलवला. एसीचे पाइप सोडावे लागले नाहीत, गॅसला हात लागला नाही. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यात बोटभर फट होती, आणि त्या फटीत रेडिएटरच्या तोंडावर राखाडी रंगाची घोंगडी चढली होती. धूळ, कापसासारख्या उडत्या बिया, किड्यांचे पंख आणि तेलकट मळ, सगळं दाबून एकजीव झालेलं. कडेला नख घातलं तर तळहाताएवढा तुकडा अखंड सुटून आला, चारपाच मिमी जाड.

हे दहा महिन्यांतलं नव्हतं, नऊ वर्षांचं होतं. आणि दर महिन्याच्या धुण्याने त्यात भरच घातली होती: समोरून जोराचं पाणी मारलं की कंडेन्सरमधला मळ निघून मागच्या फटीत जातो, आणि तिथून पुढे रेडिएटरमधून पार होत नाही. गेल्या उन्हाळ्यापर्यंत पूर्ण ताकदीचा पंखा या घोंगडीतून कशीबशी हवा ओढत होता. अर्थ कमजोर झाला आणि तेवढंही झेपेना.

साफ करताना दिशा महत्त्वाची: पाणी पंख्याच्या बाजूने पुढच्या बाजूला, बागेच्या नळीच्या साध्या धारेने. आधी मऊ ब्रशने, पत्र्यांच्या उभ्या दिशेनेच. प्रेशर वॉशर लावला तर पातळ पत्रे लोळतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. थोडे आधीच लोळलेले होते, ते फणीने सरळ केले.

बंपर उतरवलेला होता म्हणून आणखी एक गोष्ट दिसली. रेडिएटर आणि वरच्या पट्टीच्या मध्ये असणारी फोमची पट्टी नव्हती, डाव्या बाजूचीही नव्हती. चिकटवलेल्याचे डाग मात्र होते. धडकेनंतर पुन्हा लावायच्या राहिल्या. या पट्ट्या फालतू वाटतात. उभ्या गाडीत मात्र त्या नसल्या की पंख्याने मागे टाकलेली गरम हवा वरून वळून परत पुढे येते आणि तीच पुन्हा ओढली जाते. कंडेन्सरच्या तोंडाशी हवा मोजली होती तेव्हा बाहेर ४० असताना तिथे ५२ होती. नव्या पट्ट्या लावल्यावर ४४.

थर्मोस्टॅट आणि भरणं

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी भांड्यातल्या पाण्यात थर्मामीटरसह तापवून पाहिला. ८२ ला हलला, ९५ ला आठ मिमीच्या वर उघडला. त्याच्या कडेची हलती पिन वरच्या बाजूला ठेवायची, तिथूनच हवा निसटते. कूलंट मॅन्युअलमध्ये सांगितलेल्याच जातीचं, डिस्टिल्ड पाण्यात निम्मं निम्मं. रंग पाहून जात ठरवू नये, रंगाचा काही नियम नाही. भरताना गाडीचं तोंड थोडं उंच, हीटर पूर्ण गरमवर, हवा काढायचा स्क्रू सैल, आणि बुडबुड्यांशिवाय सलग धार आल्यावरच बंद. पंखा दोनदा चालू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालवलं. दुसऱ्या दिवशी थंड असताना पातळी पाहून पाव लीटर आणखी भरावं लागलं. टाकी वरच्या खुणेपर्यंतच, हे मालकाला दाखवून.

निकाल

तीच अर्ध्या तासाची चाचणी, बाहेर ४१ अंश. तापमान ९७ आणि १०३ च्या मध्ये वरखाली होत राहिलं. पंखा पूर्ण वेगात जायचा, दीडएक मिनिटात खाली यायचा. गॅसचा दाब १७ बार, झरोक्यातली हवा ११ अंश. मोकळ्या रस्त्यावर ८६ ते ८९, म्हणजे इंजिन पुन्हा त्याच्या नेमक्या तापमानाला. दोन आठवड्यांनी पातळी होती तिथेच होती. अ‍ॅव्हरेज सावरलं. हेड उतरवायची वेळ आली नाही.

काय वेगळं करता आलं असतं

"गेल्या वेळी ठीक होती, मधे काय झालं?" हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत विचारायला हवा होता, आणि विचारताना "इंजिनाचं काही काम" असं न म्हणता "गाडीचं कुठलंही काम, रंगाचं, टेपचं, काहीही" असं म्हणायला हवं होतं. मालक खोटं बोलत नव्हता. त्याच्या डोक्यात बॉडीचं खातं वेगळं होतं.

थर्मोस्टॅट शेवटी बसवला तो मुद्दाम, त्याआधीच्या सगळ्या चाचण्यांची तुलना एकाच अवस्थेत व्हावी म्हणून. यावर दुमत होऊ शकतं. बायपास उघडा असल्याने सुरुवातीचे आकडे दोनतीन अंशांनी फुगलेले असू शकतात, आणि त्यातला किती वाटा थर्मोस्टॅटचा आणि किती घोंगडीचा हे आता वेगळं काढता येणार नाही. आधी थर्मोस्टॅट बसवून मग मोजायला सुरुवात केली असती तर एक दुपार जास्त गेली असती, पण आकडे स्वच्छ मिळाले असते. तेच बरं.

रेडिएटर आतून तुंबलाय का हे रेषांनी मोजणं पहिल्याच गरम चाचणीत उरकायला हवं होतं. ते सगळं जुळवून झाल्यावर केलं. थंड पट्टा लागला नाही हे नशीब. लागला असता तर बंपर दुसऱ्यांदा उतरवावा लागला असता. कागदाची चाचणीही मीटर हातात घेण्याआधी करता आली असती, ती अर्ध्या मिनिटाची आहे.

दुरुस्तीला येईपर्यंतचे दोन महिने गाडी अनेकदा ११० च्या वर गेली होती, आणि त्या काळात मालकाला कुणीच काही सांगितलं नव्हतं. काटा मध्यावरून हलला की एसी बंद, हीटर पूर्ण आणि त्याचा पंखा जोरात. हीटर हा छोटा रेडिएटरच असतो, गाडीत बसणाऱ्याला त्रास होतो पण पाचसहा अंश खाली येतात. काटा लालजवळ गेला किंवा वाफ दिसली तर बाजूला थांबून इंजिन बंद, आणि टोपणाला निदान तासभर हात नाही. हेडवर या दोन महिन्यांचा परिणाम झालाय का हे पाहायला निळ्या रसायनाची चाचणी तीन महिन्यांनी आणि नंतर वर्षाने पुन्हा करायची असं ठरलं. तेव्हाच पंखा चालू ठेवून अर्थकडचे व्होल्ट मोजायचे, ०.३ च्या वर गेले तर बोल्ट पुन्हा उघडायचा.